तीन पायांचं हरीण

आमच्या खात्यात नाताळ मे महिन्यात येतो.
बाहेर चव्वेचाळीस, आत टेरीचा रुवा नाकातोंडात,
आणि टेबलावर बर्फ पडत असतो
लाल टॉवेलवर, पांढऱ्या सुताचा.
कडा मारायच्या, डझनाची घडी, पेटीला पट्टी.
ऑगस्टात तो कंटेनरमध्ये बसून जातो
ज्यांचा आहे त्यांच्याकडे.
डिसेंबरात आम्ही समुद्र शिवतो,
निळा, शिंपल्यांचा. तोही दुसऱ्याचाच.

नापास झालेला माल गेटाशेजारच्या खोलीत
किलोवर मिळतो.
यंदा दोन किलो घेतला, वर एक मूठ;
दुस्सा मामांनी काटा बघून
न बघितल्यासारखं केलं.
एकशे ऐंशी गेले. तीनशेतले उरले एकशे वीस,
त्यात रिळं, बटणं, आणि सासूबाईंचा खोकला.

कार्डात कुठंतरी भोक चुकलं असणार,
एकूणएक हरणाला पाय तीनच.
सासूबाईंनी दिव्याखाली धरून बघितलं.
"शेळी का गं ही?"
हरीण आहे, आई.
"गव्हाणीत हरीण कुठलं? शेळीच.
आणि अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात,
तर हिला पायच कमी दिलेत.
गरिबाघरची दिसते."

जेवणं झाली की मशीन.
शेजारच्या नरसम्माक्का दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात,
त्यांच्या पाठीला लोड, आत कापलेल्या काठांचा गाळा भरून.
आमच्या शलमोनच्या तान्हीला लाळेरं.
पाळकबाईंचा चष्मा दर रविवारी हरवतो, त्याला पिशवी.
तवा धरायची जाड फडकी तर इतकी झाली
की अख्ख्या गल्लीच्या भाकरी उतरतील.
चौथा पाय मी टाक्यांनी काढून द्यायचे,
पांढरं रीळ संपल्यावर पिवळ्यानं.
एकाला द्यायचा राहिला. राहू दे म्हटलं.

ओबेदच्या वर्गात चिठ्ठ्या टाकून भेटी द्यायच्या होत्या.
त्याला आलं होतं वरद कुलकर्णीचं नाव,
ज्याच्याकडे बॅटरीवर चालणारं शार्पनर आहे.
मी कंपासची पिशवी शिवली, अस्तरासकट,
खटक्याचं बटण लावलं, हरीण बरोबर मधोमध.
ओबेदनं उघडली, मिटवली, उघडली.
"सगळे दुकानातलं आणणारेत," म्हणाला,
आणि मग घाईघाईनं, "चांगली आहे पण."
त्या "पण"वर मी रात्रभर कूस बदलली.

सकाळी डबा भरताना त्याच्या दप्तरात दिसली
वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिशवी,
नेमकं रंगीत पान बाहेरच्या बाजूला.
एका कोपऱ्यात चिकटवलेला किमतीचा कागद,
कुठल्याशा खोक्यावरून नखानं सोडवून आणलेला,
एक कड फाटलेली, भाताच्या शिताने बसवलेली.
दोनशे एकोणपन्नास. सर्व करांसहित.

पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू.
हाक मारायला तोंड उघडलं,
तर तो नळाखाली चूळ भरत होता,
कालच्याच गाण्यातली बासरी तोंडानं वाजवत.

डझनाला मला किती मिळतात ते सांगत नाही,
मशीनवर एकोणीस वर्षं झाली एवढं सांगते,
आणि एका नगाला इतका भाव
माझ्या शिवणीला आजवर कुणी लावला नव्हता.

कागद हलू न देता मी पुडी सोडली.
उजवीकडची टीप जराशी वाकडी गेली होती,
रात्री दिव्यात कळलं नव्हतं.
उसवली. परत मारली, बारीक टाक्यानं.
शाळेला पाच मिनिटं उशीर झाला.
दोनशे एकोणपन्नासला
टीप सरळ पाहिजे.